‘स्वान लेक’ : कुठलं रेकॉर्डिंग घ्यावं, आणि ते ओळखावं कसं

चायकोव्स्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेचं संपूर्ण रेकॉर्डिंग निवडताना लोक सर्रास त्या एका धुनेवरून निकाल लावतात. पहिला अंक जिच्यावर संपतो आणि दुसरा जिच्यावर उघडतो ती धून: खाली तंतुवाद्यांची थरथर, मध्ये हार्पचे झुळझुळते सूर आणि वर ओबो या एकट्या फुंकवाद्याचा, बी मायनर या उदास स्केलमधला टाहो. चायकोव्स्कीनं ती अशी बांधली आहे की बऱ्यापैकी कुठल्याही ऑर्केस्ट्राच्या हातून ती बिघडत नाही. म्हणूनच तिच्यावरून काही कळत नाही. दहा रेकॉर्डिंगांतून ती दहा वेळा ऐका, दहाही आवडतील, आणि घरी आणलेलं रेकॉर्डिंग तिसऱ्या अंकात कंटाळवाणं निघेल.

मी आधी पहिल्या अंकातला वॉल्ट्झ लावते. व्हायोलिनवाले धनुष्य बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतात, एवढीच प्रस्तावना, आणि मग ए मेजरमधली ती लांबलचक रेघ सुरू होते. इथे मुख्य धुनेकडे कान देऊ नका. खाली चालू असलेल्या तीन मात्रांच्या ठेक्याकडे द्या. पहिली मात्रा जमिनीवर टेकली पाहिजे, दुसरी शरीराला वर उचलणारी हवी, आणि तिसरी हवेत असतानाच पुढची पहिली यायला हवी. ज्या रेकॉर्डिंगात तिन्ही मात्रा सारख्याच वजनाच्या वाजतात, ते मी तिथेच बंद करते. पुढचे दोन तास सुधारणा होत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

मी स्वतः व्हायोलिन वाजवते आणि ही रेकॉर्डिंगं स्कोअर, म्हणजे संगीताची लिखित प्रत, समोर ठेवून ऐकते. नृत्य मला येत नाही. तरी माझं ठाम मत आहे की बॅलेचं रेकॉर्डिंग पायांवरून जोखावं. स्टुडिओत ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरसमोर नर्तक नसतात, त्यामुळे त्याला दोन मोह होतात. एक म्हणजे वाटेल तेवढं पळणं, कारण धाप लागणारं कुणी नाही. दुसरा म्हणजे वाटेल तिथे थांबून सुंदर दिसणं, कारण एका पायावर तोल सावरत कुणी खोळंबलेलं नाही. दोन्ही मोह टाळून, आणि तरीही नाट्यगृहात रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात बसून नर्तिकेच्या इशाऱ्याकडे डोळे लावल्यासारखं न वाजवता, जो संगीताला मोकळं सोडतो तो माझा कंडक्टर.

रेकॉर्डिंगांकडे वळण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण त्यात भले भले अडकतात. ‘स्वान लेक’ एक नाही, निदान दोन आहेत. पहिलं १८७७ सालचं, मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरातलं, ज्युलिअस राइझिंगरच्या नृत्यरचनेचं. ते फारसं गाजलं नाही. चायकोव्स्की १८९३ मध्ये गेला आणि १८९५ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात मारियस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह या नृत्यरचनाकारांनी ते नव्यानं उभं केलं. त्यासाठी तिथला कंडक्टर रिकार्डो द्रिगो यानं संगीताची बरीच उलथापालथ केली. काही गाळलं, काही इकडचं तिकडे नेलं, आणि चायकोव्स्कीच्या ऑपस ७२ मधले पियानोचे तीन तुकडे ऑर्केस्ट्रासाठी लिहून मध्ये बसवले. रंगमंचावर आज जे दिसतं ते बहुतेक या दुसऱ्या अवताराचं वंशज असतं. संपूर्ण म्हणून मिळणारी रेकॉर्डिंगं मात्र बहुतांशी १८७७ च्या क्रमानं वाजवलेली असतात.

याचा परिणाम असा होतो की, बॅले पाहून आलेला माणूस काळ्या हंसिनीचं, ओडिलचं ते झगमगतं द्वंद्वनृत्य ऐकायला तिसरा अंक लावतो आणि ते तिथे नसतंच. स्कोअरमधल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिलेला असतो; ते पहिल्या अंकात, पाचव्या क्रमांकाखाली असतं, कारण चायकोव्स्कीनं ते लिहिलं तिथेच होतं. १८९५ मध्ये ते उचलून ओडिलला दिलं गेलं, आणि त्याच्या शेवटच्या भागावर पिएरिना लेन्यानीनं बत्तीस फुएत्ते, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, मारल्या. तेव्हा रेकॉर्डिंग सदोष आहे असं समजून परत करू नका. आधी पाचवा क्रमांक ऐका. मूळ स्कोअरमध्ये एकूण एकोणतीस क्रमांक आहेत. यादीत ते ओळीनं दिसले तर समजावं की हाती मूळ क्रम आहे.

आणखी एक द्वंद्वनृत्य परिशिष्टासारखं जोडलेलं आढळतं. ते १८७७ मध्येच आन्ना सोबेश्चान्स्काया या नर्तिकेसाठी लिहिलं गेलं. तिनं पेतिपाकडून नृत्य बसवून आणलं होतं, त्याला संगीत मिंकुस या दुसऱ्या संगीतकाराचं होतं. आपल्या बॅलेत दुसऱ्याचं संगीत नको म्हणून चायकोव्स्कीनं तिच्या पावलांना मात्रा न् मात्रा जुळेल असं स्वतःचं संगीत लिहून दिलं, म्हणजे तिला नृत्य नव्यानं शिकायला नको. पुढे ते हरवलं, १९५३ मध्ये बोल्शॉयच्या दप्तरात सापडलं आणि शेबालिन या संगीतकारानं त्याची ऑर्केस्ट्रासाठीची मांडणी केली. परक्या पावलांवर मागाहून बसवलेलं संगीत इतकं ओघवतं असू शकतं, यावर विश्वास बसत नाही. ज्या संचात ते आहे त्याला माझ्याकडून एक गुण जास्त.

आता खरी कसोटी, दुसऱ्या अंकातला तेराव्या क्रमांकाचा पाचवा भाग. आधी लाकडी फुंकवाद्यांचे काही सूर, मग हार्पची लांब एकट्यानं घेतलेली वळणं, आणि मग व्हायोलिन. हे संगीत चायकोव्स्कीनं ‘उंदिना’ या आपल्याच ऑपेरातून आणलं. ऑपेरा रंगमंचावर आला नाही, त्यानं स्कोअर नष्ट केला, पण यातलं प्रेमगीत वाचवलं. तिथे दोन गळे होते, इथे व्हायोलिन आणि चेलो आहेत. म्हणून व्हायोलिनवादकानं इथे वाजवून भागत नाही, गावं लागतं. आणि चेलो आला की व्हायोलिननं मागे सरून त्याला जागा द्यावी लागते. हे मागे सरणं फार थोड्या रेकॉर्डिंगांत ऐकू येतं. बऱ्याच ठिकाणी मायक्रोफोन व्हायोलिनच्या इतका जवळ असतो की चेलो शेजारच्या खोलीतून साद घालतोय असं वाटतं.

चायकोव्स्कीनं इथे ‘आंदांते नॉन त्रोप्पो’ असं लिहून ठेवलंय, म्हणजे चालीत रहा, फार ओढू नका. नाट्यगृहात हे वर्षानुवर्षं संथ होत गेलं, कारण नर्तिकेला पाय लांबवर नेऊन धरायचा असतो आणि बघणाऱ्यांनाही ते आवडतं. रेकॉर्डिंगमध्ये तो पाय दिसत नाही, त्यामुळे ओढलेली लय नुसती ओढलेली वाटते. याच भागाच्या शेवटी मूळ स्कोअरमध्ये एक छोटा झपाट्याचा तुकडा येतो. द्रिगोनं तो काढून शेवट हळुवार केला. रंगमंचावर ते शोभतंही. पण घरी ऐकताना मला तो मूळ झपाटा हवाच असतो. एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास तिथे सुटतो.

या कसोटीवर आंद्रे प्रेविन आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचं १९७६ चं रेकॉर्डिंग माझ्या मते सगळ्यांच्या वर आहे. एकल व्हायोलिन इडा हेंडेलचं. तिचं धनुष्य तारेवर टेकतं कुठे आणि सुटतं कुठे हे ऐकू येत नाही, स्वर आपसूक उमलल्यासारखा येतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ती बोट किंचित घसरवते, जुन्या पिढीसारखं. हल्लीचे वादक ते टाळतात, पण या संगीताला ते हवं आहे, कारण गळा असाच चालतो. चेलो आत आला की तिचा आवाज किती पातळ होतो ते हेडफोन लावून ऐका. मी व्हायोलिन हातात घेऊन तेवढा भाग तिच्याबरोबर वाजवून पाहते, तेव्हा कळतं की आवाज कमी करतानाही तिनं धनुष्याची गती कमी केलेली नाही. वजन तेवढं उचललंय. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण.

प्रेविनचा वॉल्ट्झही माझ्या परीक्षेत पास होतो. दुसरी मात्रा उचलली जाते, पण ‘बघा, मी उचलतोय’ असा आव नाही. लंडन सिंफनीबरोबर त्यानं चायकोव्स्कीचे तिन्ही बॅले ध्वनिमुद्रित केले, आणि ती सलगी इथे जाणवते. ऑर्केस्ट्राला धाकात न ठेवता तो वाजवू देतो. कमी कुठे पडतो म्हणाल, तर शेवटच्या वादळात. तिथे सगळं नीटनेटकं राहतं. सरोवर खवळतं, पण कुणी बुडेल अशी भीती वाटत नाही.

ती भीती हवी असेल तर गेन्नादी रोझ्देस्तवेन्स्कीकडे जावं. मॉस्को रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचं हे मेलोदिया या सोव्हिएत कंपनीचं १९६९ चं रेकॉर्डिंग आहे. तो ऐन विशीत बोल्शॉयमध्ये बॅले कंडक्ट करायला उभा राहिलेला माणूस आणि या रेकॉर्डिंगच्या काळात त्याच थिएटराचा मुख्य कंडक्टर. पायांचं गणित त्याच्या अंगात मुरलेलं आहे, म्हणूनच ते मोडायची हिंमत त्याला होते. जुन्या सोव्हिएत ऑर्केस्ट्रांमधल्या पितळी वाद्यांचा आवाज ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांना सुरुवातीला धक्का बसेल. ट्रम्पेट आणि कॉर्नेट स्वराला कंप देऊन, जवळजवळ गायकासारखे वाजतात, हॉर्नसुद्धा थरथरतात. तिसऱ्या अंकातलं नेपल्सचं नृत्य कॉर्नेटसाठीच लिहिलेलं आहे. इतरत्र ते गोड आणि साफसूफ ऐकू येतं, इथे त्याला रस्त्यावरचा उन्माद आहे.

आणि शेवटचा क्रमांक. तंतुवाद्यं वर-खाली घोंगावत राहतात, टिंपनीच्या नगाऱ्यांचा गडगडाट वाढत जातो, आणि मग तीच ओबोची धून, जी दोन तास एकटी रडत होती, ती सगळ्या पितळी वाद्यांतून फुटून बाहेर पडते. बी मायनर मागे पडतो, बी मेजर येतो. कागदावर हा विजय आहे. रोझ्देस्तवेन्स्की तो विजय असा वाजवतो की ऐकताना कुणीतरी हरल्याचंच कळत राहतं. ट्रम्पेट इथे सुंदर वाजायचा प्रयत्नच करत नाहीत. ध्वनी म्हणून पाहाल तर मायक्रोफोन फार जवळ आहेत, जोरात वाजलं की आवाज चिरका होतो, आणि मोठ्या स्पीकरवर ते जास्त खटकतं. मी हे दोष मान्य करून हे रेकॉर्डिंग दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. चौथा अंक तेवढा याचाच ऐकते.

अंताल दोरातीचं मिनिअ‍ॅपोलिस सिंफनीबरोबरचं १९५४ चं मर्क्युरी रेकॉर्डिंग मोनो आहे म्हणून त्याला कमी लेखू नये. एकाच मायक्रोफोननं घेतलेला तो आवाज आजही खणखणीत वाटतो, आणि संपूर्ण स्कोअर रेकॉर्डवर आणण्याचं धाडस तेव्हा नवीन होतं. चार हंसिनींचं नृत्य इथे ऐका: ‘बसून’ या खर्जातल्या फुंकवाद्याची टक-टक घड्याळासारखी नेमकी, वर दोन ओबो. तरुणपणी बॅले कंपन्यांबरोबर काम केलेल्या माणसाचं हे मोजमाप आहे. हात गुंफून नाचणाऱ्या चौघींपैकी एकीचंही पाऊल चुकून चालत नाही, हे त्याला माहीत आहे. भावनेला मात्र तो फार सैल सोडत नाही, त्यामुळे दुसरा अंक थोडा कोरडा वाटतो.

एर्नेस्ट आन्सेर्मेचं डेक्कावरचं रेकॉर्डिंग मला फार प्रिय आहे आणि तरी ते पहिलं म्हणून कुणाला सुचवणार नाही. दियागिलेव्हच्या ‘बॅले रुस’ या बॅले कंपनीबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला कंडक्टर, त्याचा जिनेव्हातला स्विस रोमांड ऑर्केस्ट्रा, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरचा तो डेक्काचा स्टीरिओ. लाकडी वाद्यांचे रंग असे वेगवेगळे दुसरीकडे ऐकू येत नाहीत. पण हे रेकॉर्डिंग द्रिगोच्या अंगानं जातं आणि बरंच कापलेलं आहे. पूर्ण समजून घ्याल तर फसाल.

द्रिगोचाच क्रम हवा असेल, म्हणजे बॅले पाहिलेला आहे आणि तोच मनात चालवायचा आहे, तर वालेरी गेर्गिएव्हचं मारिन्स्कीच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं रेकॉर्डिंग घ्यावं. हा ऑर्केस्ट्रा हे संगीत त्याच थिएटरात सतत वाजवत आलेला आहे, त्यामुळे कुठे कुणासाठी थांबायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. पण हाच गुण घरी ऐकताना आड येतो. काही जागी लय रेंगाळते, आणि ती कुणासाठी रेंगाळली ते आपल्याला दिसत नाही. जॉन लँचबेरी लंडनच्या रॉयल बॅलेचा जुना कंडक्टर. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरच्या त्याच्या रेकॉर्डिंगातही पाय सतत जाणवतात, तरी प्रवाह तुटत नाही. त्याचं नाव अशा चर्चांत मागे पडतं याचं मला वाईट वाटतं.

नीमे यार्वी आणि बर्गन फिलहार्मोनिक हे दुसरं टोक. शँडोस या रेकॉर्ड कंपनीचा ध्वनी अप्रतिम, जेम्स एन्सचं व्हायोलिन निर्दोष, आणि लय अशी की कुठल्याही नर्तिकेनं हात टेकावेत. सिंफनी म्हणून ऐकायचं असेल तर यात दम आहे. पहिल्या अंकातले जोडणीचे प्रसंग, जे इतरत्र वेळ काढल्यासारखे वाटतात, ते इथे एकदम अर्थपूर्ण होतात. पण वॉल्ट्झमध्ये तिसरी मात्रा हवेत जायच्या आतच पुढची पहिली आदळते. शार्ल दुत्वाचं माँत्रेआलचं रेकॉर्डिंग देखणं आहे, गुळगुळीत आहे. मला त्याच्याबद्दल याहून जास्त सांगायला सुचत नाही.

सगळ्यांना अडीच तास बसणं जमत नाही, आणि निवडक भागांच्या रेकॉर्डिंगांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. यात दोन रत्नं आहेत. अनातोल फिस्तुलारीचं १९६१ चं, अ‍ॅम्स्टरडॅमच्या कोंसर्टखबाऊ ऑर्केस्ट्राबरोबरचं. तंतुवाद्यांचा इतका गडद, मखमली आवाज मी या संगीतात कुठेच ऐकलेला नाही. आणि पिएर मोंतोचं १९६२ चं, लंडन सिंफनीबरोबरचं. १९१३ मध्ये स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग ज्यानं गदारोळात शेवटपर्यंत नेला, तोच हा मोंतो, इथे वय ऐंशीच्या पुढे. वॉल्ट्झची दुसरी मात्रा कशी उचलावी हे शिकायचं असेल तर त्याच्याकडून शिकावं. तो ठेक्याला कुठेही टाचणी मारत नाही, तरी प्रत्येक पाऊल कुठे पडतं ते दिसतं. त्यानं संपूर्ण स्कोअर ध्वनिमुद्रित केला असता तर हा लेख चार ओळींत संपला असता.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांना एवढं सांगते: ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबू नका, एकूण वेळ बघा. दीड तासाच्या आत संपत असेल तर ते संपूर्ण नाही. अ‍ॅपमध्ये दोन ट्रॅकमधली शांतता बंद करायची सोय शोधा, कारण नववा क्रमांक आणि शेवटचं वादळ तोडून ऐकणं म्हणजे अर्धं ऐकणं. आणि एकच संच घ्यायचा असेल तर प्रेविनचा घ्या. दुसरा घ्यायची ऐपत आणि जागा असेल तर रोझ्देस्तवेन्स्कीचा, आणि त्याची सुरुवात एकोणतिसाव्या क्रमांकापासून करा, आवाज थोडा कमी ठेवून.